जयंतीचं पांढरं कापड

चौदा एप्रिलला आमच्या वस्तीत रंगीत कपडा कोणी घालत नाही. बायांना पांढरी साडी आणि पांढरा ब्लाउज, माणसांना पांढरा सदरा, कडेवरच्या लेकरालाही पांढरं झबलं. कामरगावात आमच्याकडची शिलाई बहुतेक माझ्याच घरी येते, त्यामुळे होळी झाली की माझी पुढची खोली पांढऱ्या कापडानं भरून जायची. वर्षभर मी साडीला फॉल लाव, पोरींचे ड्रेस आत घे, असं करत दिवस काढायची. पण जयंतीच्या आधी मला जेवायला सवड नसायची आणि मी सगळ्यांवर खेकसत असायची. "आज दे वं, आज दे" म्हणत दारात उभ्या राहणाऱ्या बाईला मी तोंडावर सांगायची, "लय घाई असन तर तूच शिव माय, मशीन देतो."

कोरोना आला त्या वर्षीही कापड असंच येऊन पडलं होतं. त्या कापडाचं पुढं काय झालं, तेच सांगायला बसले आहे. त्यातून मी मास्क शिवले, विकले, आणि तसलाच एक मास्क तोंडाला लावून काम करता करता माझी नणंद गेली. त्याचा जाब कोणी द्यायचा, ते अजून कोणी मला सांगितलेलं नाही.

नणंद म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. आम्ही तिला आक्का म्हणायचो. तिचा नवरा ट्रॅक्टरखाली सापडून गेला तेव्हा पोरगी लहान होती. ती पोरीला घेऊन माहेरी आली आणि आमच्या मागच्या खोलीत राहू लागली. निंदण असो, सोंगणी असो, मजुरीला चुकायची नाही. जिभेला मात्र धार होती. माझ्या भाजीला नावं ठेवल्याशिवाय तिला घास उतरत नसे. "मीठ महाग झालं काय वं वैनी?" म्हणायची आणि तीच भाजी पुन्हा वाढून घ्यायची. संध्याकाळी माझ्या मशीनजवळ बसून ब्लाउजला हुक लावून द्यायची. वर्षानुवर्षं माझीच शिलाई हातात, त्यामुळे माझा टाका कुठं कसा पडतो ते तिला पाठ होतं.

एका गोष्टीला मात्र ती भ्यायची. पोलिसाला. नवरा गेला तेव्हा कागदपत्रांसाठी तिला ठाण्यात चकरा माराव्या लागल्या होत्या. पोरीला मांडीवर घेऊन दिवस दिवस बाकावर बसवून ठेवायचे. तेव्हापासून गावात पोलिसांची गाडी दिसली की ती आत निघून जायची. आम्ही तिची थट्टा करायचो. "आक्का, तुले न्यायले आले," म्हणायचो. आज ते आठवलं की माझंच मला कसंतरी होतं.

तर सगळं बंद झालं. जयंती घरातच करायची, फोटोला हार घालायचा, दिवा लावायचा, बाहेर पडायचं नाही, असं ठरलं. पीस न्यायला कोणी येईना. शिवून तरी काय करणार, घालून जाणार कुठं? मी मशीनसमोर नुसती बसून होते. आक्का दारात येऊन म्हणाली, "काहून बसून राह्यली वं अशी, कोनी मेल्यासारखी? मास्क शिव ना. दुकानात भेटून नाही राह्यले."

"कापड लोकाचं हाय, आक्का."

"माहं तं हाय ना त्याच्यात? माहं फाड पहिले."

पहिला मास्क आक्काच्याच ब्लाउजपीसचा निघाला. मग मी घरोघर विचारून आले. बहुतेक बाया म्हणाल्या, घे, पुढच्या वर्षी नवं आणू. कोणी म्हणाली, घरच्यांपुरते मला शिवून दे, बाकी तू ठेव. घरात दोरा होता तो निळा, कारण जयंतीच्या झेंड्यांसाठी मी निळ्या दोऱ्याची रिळं आणून ठेवली होती. पांढरा संपला होता आणि दुकान उघडं नव्हतं. म्हणून पांढऱ्या कापडाला निळी शिलाई आली, आणि कडेला झेंड्याच्या कापडातून उरलेली निळी पट्टी. दिसायला लय छान दिसायचं. मला स्वतःलाच त्याचं कौतुक वाटलं.

मी काम आळशीपणानं केलं नाही, हे कोणीही सांगेल. एका पदराचा मास्क लावून पेटत्या काडीवर फुंकर मारली तर काडी विझली. दोन पदरांतूनही विझली. तीन पदर घातले तेव्हा ज्योत नुसती हलली. मग तीनच पदर ठेवले. कापड उकळत्या पाण्यातून काढायची, कडक उन्हात वाळवायची, मग बेतायची. मी शिवायची, आक्का काडीनं कोपरे उलटून बाहेर काढायची, तिची पोरगी नाड्या ओवायची. गल्लीतले लोक यायचे. एक म्हातारा मास्क घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी परत घेऊन आला. त्यावर तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचे डाग. "वापस घे पोरी, दम लागते याच्यात."

"मामाजी, दम मास्कानं नाही लागत, खर्ऱ्यानं लागते," आक्का म्हणाली. "अन् उष्टा मास्क कोनी वापस घेत नसते."

गल्लीत विकून झाल्यावर मला वाटलं, मेडिकलमध्ये ठेवावेत. आक्काला सोबत घेऊन गेले. मेडिकलवाला गावातलाच, चांगला माणूस. त्यानं मास्क हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला आणि काउंटरवर ठेवून दिला.

"ताई, शिलाई चांगली हाय. पण मले नाही ठेवता येत."

"काहून?"

"पांढरं कापड, निळी किनार. लोकं याले दवाखान्याचा मास्क समजतीन. दवाखान्याचा मास्क तपासलेला राह्यते, त्याच्यावर कंपनीचं नाव राह्यते. हे घरचं कापड हाय. बाजारात जायले ठीक हाय. उद्या कोनी हा लावून पेशंटजवळ गेला अन् त्याले काही झालं, तर केस कोनावर होईन? विकनाऱ्यावर अन् शिवनाऱ्यावर. मले तं लायसन्सचं भेव हाय, पण तुमाले पोलीस घरून नेतीन."

माझं डोकं फिरलं. "माह्या कापडाले दात हायेत काय? लोकं रुमाल बांधून फिरून राह्यले, त्यापक्षा तं बरा हाय!"

"बराच हाय," तो म्हणाला. "तेच लिहून द्या. साधा कापडी मास्क हाय, दवाखान्यासाठी नाही, असं लिहा. जे हाय ते सांगा, जे नाही ते सांगू नका. मंग तुमाले भेव नाही."

परत येताना रस्ता रिकामा होता. आक्का म्हणाली, "खरंच पोलीस येतीन काय वं?"

"येऊ दे. चहा पाजीन त्याईले."

मी हसले. ती हसली नाही.

त्याचं म्हणणं मात्र मी मानलं. माझं अक्षर कोंबडीनं पाय ओढल्यासारखं, म्हणून आक्काच्या पोरीनं वहीची पानं फाडून चिठ्ठ्या लिहिल्या. 'घरी शिवलेला साधा कापडी मास्क. दवाखान्यात वापरू नये. रोज धुवावा.' प्रत्येक मास्क प्लॅस्टिकच्या पन्नीत, पन्नीत एक चिठ्ठी. शिवाय घेणाऱ्या प्रत्येकाला मी तोंडानंही सांगायची. काही लोक वैतागायचे. "तू विकून राह्यली का भेव दाखवून राह्यली?" असं एका बाईनं विचारलं. मी म्हटलं, दोन्ही.

पुढच्या वर्षी, उन्हाळा लागता लागता, दुखणं पुन्हा आलं आणि या खेपेला घराघरात घुसलं. रोज कोणाचं तरी ऐकू यायचं. बाजारातला जनरल स्टोअरवाला माझ्याकडे आला आणि माझ्याजवळ होते तेवढे सगळे पांढरे मास्क उचलून घेऊन गेला. त्यालाही मी बजावलं. "भाऊ, हे साधे हायेत. चिठ्ठी काढू नका." तो म्हणाला, "हो ताई, हो." घाईत होता.

त्याच सुमारास आक्काला काम लागलं. तालुक्याला एका वसतिगृहात कोरोनाच्या रोग्यांसाठी सेंटर उघडलं होतं, तिथं झाडणं-पुसणं, रोग्यांच्या खोल्यांतला कचरा काढणं. काम ठेकेदाराकडून होतं. आम्ही सगळे नाही म्हणालो. माझा नवरा तर भांडलाच. ती म्हणाली, "शेतात काम नाही, पोरीचं कॉलेज हाय. तुमी देता काय?" सकाळी फाट्यावर जीप यायची आणि ती पदर खोचून निघून जायची.

घरी आली की कोणाला जवळ येऊ द्यायची नाही. अंगणात अंघोळ, कपडे बाहेरच धुवायचे आणि आमच्या दोरीवर न टाकता तिच्या खोलीच्या मागे, भिंतीआड वाळत घालायचे. मी एकदा म्हटलं, तिकडं ऊन नसतं, इकडं टाक. तर केवढ्यानं ओरडली माझ्यावर! "इकडं येऊ नोको म्हटलं ना! तुले समजत नाही काय?" मला वाटलं, आम्हाला लागू नये म्हणून. मला तिचा राग आला आणि कौतुकही वाटलं.

एकदा मी विचारलं होतं, तिथं मास्क देतात का चांगले? "देतेत ना," ती म्हणाली. "सरकारी हायेत. तू नोको काळजी करू."

ती आजारी पडली आणि ज्या सेंटरात झाडत होती तिथंच तिला खाट मिळाली. मग तिथून वाशीमला नेलं. फोनवर तिचा आवाज यायचा, पण वाक्य पुरं होत नसे. शेवटच्या वेळी बोलली तेव्हा तिनं पोरीचं विचारलं, मग म्हणाली, "वैनी, भाजीत मीठ..." आणि खोकला आला. पुढं काय म्हणायचं होतं ते मला कधी कळलं नाही. जयंतीच्या आठवड्यातच ती गेली. माझ्या नवऱ्याला लांबून, गुंडाळलेली, तेवढी दाखवली. घरी आम्ही चार माणसं अंतर ठेवून बसलो, त्रिशरण-पंचशील म्हटलं. अंगणात शेजारीही येऊ शकले नाहीत. रडायलासुद्धा कोणाच्या गळ्यात पडता आलं नाही.

नंतर तिची पिशवी आली. आम्ही ती उन्हात ठेवली आणि मग उघडली. कंगवा, मोबाइलचा चार्जर, एक लुगडं, आणि धुऊन घडी घातलेला एक मास्क. पांढरा. निळ्या दोऱ्याचा, निळ्या किनारीचा.

मला हातात घ्यायचीही गरज पडली नाही. कोपऱ्यात मी नेहमी दोरा दोनदा मागे घेते, ती गाठ तिथं होती. माझा नवरा विचारत राहिला काय झालं, काय झालं, आणि मी त्याला नुसती ती गाठ दाखवत राहिले.

कसं झालं ते मग हळूहळू समजलं. ठेकेदारानं जनरल स्टोअरमधून मास्क उचलले होते. पन्नी नाही, चिठ्ठी नाही, नुसता गठ्ठा. पांढरा आणि निळा म्हणजे दवाखान्याचाच, असं म्हणून झाडणाऱ्या बायांना वाटून दिले. नर्सबाया वेगळे, जाड मास्क लावत होत्या. झाडणाऱ्यांना माझे.

आता हेही खरं की तिला लागण मास्कामुळंच झाली, असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. जीपमध्ये झाली असेल, नळावर झाली असेल. चांगला मास्क लावूनही लोक गेलेच. हे मी स्वतःला कितीतरी वेळा समजावलं आहे, आणि प्रत्येक वेळी ती पेटती काडी माझ्या डोळ्यांपुढं येते. तीन पदरांतूनही ज्योत हलली होती.

माझ्या नवऱ्यानं तालुक्याच्या हापिसात अर्ज दिला, की बहिणीला कामावर बरोबर मास्क दिला नाही, तिच्या पोरीला काही मदत मिळावी. पाऊस लागायच्या आधी चौकशीला बोलावणं आलं. ठेकेदार म्हणाला, आम्ही रोज मास्क दिला, नाही म्हणून दाखवा. दुकानदार म्हणाला, त्यांनी मास्क मागितले, मी मास्क दिले, दवाखान्याचे आहेत असं मी कुठं म्हटलं? दोघांचीही उत्तरं तयार होती.

मग मला आत बोलावलं. उन्हातून गेले होते, तर साहेबांनी आधी बसायला खुर्ची दिली आणि पाणी मागवलं. मी तो मास्क टेबलावर ठेवला आणि सांगितलं, "हा माहाच हाय, साहेब. माह्या हातचा हाय." मला वाटलं, आता लिहून घेतील, आता काय ते होईल. होऊ दे, असंच वाटत होतं. कोणीतरी कोणाला तरी धरावं, मग मला का होईना.

साहेबांनी विचारलं, "तुम्ही दवाखान्याचा म्हणून विकला होता का?"

"नाही. चिठ्ठी टाकत होतो."

"मग झालं. तुमचं काही नाही बाई, तुम्ही जा."

बाहेर येऊन मी पायरीवर बसले. पोरीनं सुंदर अक्षरात लिहिलेली ती चिठ्ठी मला वाचवायला होती की मास्क लावणाऱ्याला? वाचले मी, दुकानदार वाचला, ठेकेदारही वाचला. अर्ज अजून कुठं तरी फायलीत आहे.

एक प्रश्न मात्र मला तेव्हापासून खात होता. तिला माझा मास्क ओळखू कसा आला नाही? डोळे मिटूनही माझा टाका ओळखणारी बाई ती. घरातले मला समजावायचे. सगळे मास्क सारखेच दिसतात, तिथं घाईगर्दी, कोण बघतं, असं म्हणायचे. मीही तेच धरून ठेवलं होतं. तेवढाच आधार होता.

पुढं जयंती पुन्हा रस्त्यावर निघायची ठरली. निळे झेंडे लागले, माझी खोली पुन्हा पांढऱ्या कापडानं भरली. मी सगळ्यांच्या आधी आक्काच्या पोरीला बोलावलं. तिच्यासाठी पांढरा पीस मीच घेऊन ठेवला होता. ती समोर उभी राहिली, मी टेप घेऊन माप घ्यायला लागले. खांदा अगदी आक्कासारखा, एका बाजूनं थोडा उतरलेला. माझ्या तोंडून पुन्हा तेच निघालं, "तुह्या आईले ओळखूच कसा नाही आला वं?"

पोरगी म्हणाली, "मामी, आईले ओळखू आला होता."

माझा हात तिच्या खांद्यावरच राहिला.

"पहिल्याच दिवशी. घरी येऊन मले दाखवला. म्हने, हा पाह्य, तुह्या मामीची शिलाई. मी म्हटलं, मंग तेथं सांग ना, हा दवाखान्याचा नाही म्हनून. चिठ्ठी तं मीच लिहिली होती. तर म्हने, सांगतलं तं इचारतीन, कोनं शिवला. मामीवर केस होईन, तिले ठान्यात नेऊन बसवतीन. तुले नाही माहीत ठान्यातलं. मले तिनं शपथ घातली, मामी. म्हनून तं मागं वाळू घालत होती, तुले दिसू नये म्हनून. सिस्टरनं एकदा इचारलं, मावशी हा कुठला, हा काढा, मी दुसरा देतो. तर आई म्हने, नोको, हाच बरा हाय."

ती रडत होती. मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. पण मी मशीनच्या स्टुलावर बसले, आणि मला पहिला आला तो राग. असला राग की वाटलं ती समोर असती तर दोन्ही खांदे धरून हलवली असती. अवं आक्का, होऊ द्यायची होती वं केस! बसली असती मी ठाण्यात. मी काय मेली असती काय तिथं बाकावर बसून?

पोरीनं विचारलं, "मामी, तुले काय केलं असतं वं त्याईनं?"

मला खरं तेच सांगावं लागलं. मी म्हटलं, "बसायले खुर्ची देली होती, माय. अन् उन्हाची आली म्हनून पानी पाजलं होतं."